मावशींचे आडनाव

शाळेत वर्षाच्या शेवटी वर्गाचा फोटो काढतात. मैदानात बाके मांडतात, पुढे खुर्च्या ठेवतात. मधोमध मुख्याध्यापक, दोन्ही बाजूंना शिक्षकवर्ग, पाठीमागे उंचीप्रमाणे विद्यार्थी. माझ्याकडे असा एक फोटो आहे, चौथीचा. त्यातली बाके ज्यांनी उचलून आणली, खुर्च्यांवरची धूळ ज्यांनी पुसली, मुलींच्या सुटलेल्या रिबिनी ज्यांनी घाईघाईने बांधून दिल्या, त्या मावशी फोटोत नाहीत. फोटोग्राफरने हात वर करताच त्या बाजूला झाल्या. मी त्या फोटोत कॅमेऱ्याकडे न पाहता किंचित डावीकडे पाहते आहे, कारण डावीकडे त्या उभ्या होत्या. त्या मावशी म्हणजे माझी आई.

हे मी आज प्रथमच लिहिते आहे. आई शाळेत झाडू मारते हे सांगण्याचा संकोच आता उरलेला नाही. संकोच आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. चार वर्षे मी त्या शाळेत होते, आणि चारही वर्षे फाटकाच्या आत मी तिला ‘आई’ म्हणून हाक मारली नाही. सगळी मुले ‘मावशी’ म्हणत, मीही ‘मावशी’ म्हणे. डबा घरी राहिला तर ‘मावशी, माझा डबा’. तीही ‘हो बाळा’ म्हणे, जशी इतरांना म्हणे. घरी आल्यावर आम्ही दोघी या विषयावर कधी बोललो नाही. पुढे मी महापालिकेच्या शाळेत गेले आणि हा प्रश्न आपोआप सुटला, असे मला वाटले.

वाचकहो, ‘मावशी’ हा शब्द किती गोड आहे! आपल्या मराठी शाळांत शिपायाला ‘काका’ किंवा ‘मामा’ म्हणतात, दाईला ‘मावशी’ म्हणतात, आणि यात आपल्या संस्कृतीचा मोठेपणा आहे असे शिक्षकदिनाच्या भाषणात सांगतात. मोठेपणा असेलही. ‘प्यून’ म्हणून हाक मारण्यापेक्षा ‘मामा’ म्हणणे केव्हाही चांगलेच. पण मी मागे जाऊन पाहते तेव्हा दिसते की, त्या शाळेतल्या दोनेकशे मुलांपैकी एकालाही आईचे नाव ठाऊक नव्हते, आडनाव तर दूरच. बाईंना ‘सावंतबाई’, ‘फर्नांडिस टीचर’ अशी आडनावे असतात. मावशींना आडनाव नसते. ज्याला आडनाव नाही त्याला हजेरीपट, सेवापुस्तक, रजेचा हिशेब यांची गरज तरी काय? घरातल्या मावशीला कोणी नेमणूकपत्र देते का?

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहावासा वाटला ती सांगते. आई २०११ मध्ये कामाला लागली. शाळा ट्रॉम्बेतली, खासगी, विनाअनुदानित, मान्यताप्राप्त. शाळेचे नाव देत नाही. का देत नाही ते पुढे येईल. वर्ग झाडणे, संडास धुणे, पिण्याच्या पाण्याची टाकी घासणे, पहिलीच्या मुलांना बाहेर नेणे-आणणे, कोणी उलटी केली तर ती पुसणे, घंटा देणे, आणि पालकसभेला चहा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. शिक्षकांनी मोबाइलवर तास घेतले. मोबाइलवर झाडू मारता येत नाही. तरी आठवड्यातून दोनदा आई शाळेत जात होती, कारण बंद इमारतीतही धूळ बसते आणि उंदीर होतात. पगार अर्धा झाला, मग काही महिने मिळालाच नाही. आम्ही कुरकुर केली नाही. सगळ्यांचेच तसे चालले होते.

एप्रिल २०२२ मध्ये, शाळा पुन्हा नीट भरू लागल्यावर, आई आणि आणखी तिघीजणींना कार्यालयात बोलावले. टंकलिखित इंग्रजी कागद पुढे ठेवला. ‘आता तुमचा पगार एजन्सीकडून येईल, वेळेवर येईल, म्हणून सही करायची आहे,’ एवढे सांगितले. आईला सही करता येते याचा तिला अभिमान आहे. तिने चारही ठिकाणी नीट सही केली. त्या चार कागदांतला एक राजीनामा होता. ‘वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने’ ती नोकरी सोडत होती आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच संडासाच्या, त्याच बादलीच्या कामावर कंत्राटदाराची नवीन कामगार म्हणून रुजू होत होती. अकरा वर्षे एका सहीत पुसली गेली. कागदाची प्रत तिला मिळाली नाही. मला हे कळले ते दिवाळीत, जेव्हा सुटीच्या दिवसांचा पगार कापला गेला आणि नव्या निळ्या गणवेशाचे पैसेही त्यातूनच वजा झाले. पुढे मे महिना आला आणि मे महिन्याचा पगार आलाच नाही. कंत्राटदाराचे म्हणणे, शाळा बंद म्हणजे काम बंद.

मी तेव्हा अकरावीत होते. रडले आणि गप्प बसले. पुढे या महाविद्यालयात आल्यावर राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय निवडायचा होता, तेव्हा ग्रंथालयात एक पुस्तक हाती आले: ‘महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’. नाव इतके लांब की कोणी शेवटपर्यंत वाचू नये. मी मात्र बसून वाचले, आणि खरे सांगते, कादंबरी वाचतानाही मला इतका धक्का बसला नव्हता.

पहिली गोष्ट म्हणजे हा कायदा राज्यातल्या सर्व खासगी शाळांना लागू आहे, मग त्या सरकारी अनुदान घेत असोत वा नसोत. माझी कल्पना, आणि बहुतेकांचीही तीच असेल, की विनाअनुदानित शाळा म्हणजे मालकाचे घर. तिथे सरकार कुठले यायला? तसे नाही. दुसरी गोष्ट, ‘कर्मचारी’ म्हणजे मान्यताप्राप्त शाळेतला शिक्षक किंवा शिक्षकेतर सेवक, दोघेही. कायदा फळ्यापुढे उभा राहणारा आणि फळा पुसणारा असा भेद या व्याख्येत करत नाही. कायम जागेवर नेमलेल्या माणसाचा परिवीक्षेचा काळ दोन वर्षे. ती दोन वर्षे समाधानकारक गेली की तो कायम झाला असेच मानायचे. १९८१ च्या नियमांप्रमाणे नेमणुकीचा लेखी आदेश हवा, सेवापुस्तक हवे, काढून टाकायचे तर आरोपपत्र आणि चौकशी समिती हवी. अन्याय झाला तर आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, आणि न्यायाधिकरण माणसाला थकीत पगारासह पुन्हा कामावर घ्यायला लावू शकते. नियमांत एक गंमतही आहे: निवृत्तीचे वय शिक्षकाला अठ्ठावन्न, आणि शिपायासारख्या खालच्या श्रेणीतल्या सेवकाला साठ. संपूर्ण कायद्यात शिपायाला शिक्षकापेक्षा जास्त काही मिळाले असेल तर ती ही दोन वर्षांची जादा मेहनत!

पण माझी नजर खिळली ती सातव्या कलमावर. राजीनामा कसा द्यावा याचेच ते कलम आहे. कर्मचाऱ्याने राजीनाम्याच्या दोन प्रती तयार कराव्यात, दोन्हींवर सही करावी, तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. ज्या शाळेत माणूस रोज जातो तिथे राजीनामा पोस्टाने कशाला? टेबलावर ठेवला तर काय बिघडले? मग दुसऱ्यांदा वाचले. टेबलावर काय होते हे कायदा करणाऱ्यांना नेमके ठाऊक असले पाहिजे! कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या, तारखेची मोकळी जागा, ‘नोकरी हवी असेल तर आधी राजीनामा लिहून दे’ हा व्यवहार त्यांच्या डोळ्यांपुढे असल्याशिवाय असे कलम सुचतच नाही. पोस्टात जायला माणसाला स्वतःच्या पायांनी चालावे लागते, पैसे भरावे लागतात, पावती घ्यावी लागते; तेवढ्या अंतरात त्याला विचार करायला वेळ मिळतो. पंचेचाळीस वर्षांपेक्षा जुने हे कलम माझ्या आईचा तो दिवस आधीच पाहून ठेवल्यासारखे लिहिले आहे. आणि आईला मात्र ते कोणी सांगितले नाही. शाळेतल्या पदवीधर शिक्षकांपैकी एकानेही नाही. त्यांना तरी ते ठाऊक होते का, हा प्रश्नच आहे.

आमचे ट्रॉम्बे या प्रश्नाच्या अभ्यासाला फार सोयीचे ठिकाण आहे, असे मी थट्टेने म्हणते. बाहेरच्या माणसाला ट्रॉम्बे म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र, नाहीतर तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्या. आम्हाला ट्रॉम्बे म्हणजे बसचा शेवटचा थांबा, कोळीवाडा, जेट्टीवर वाळणारी मासळी, पायलीपाडा, आणि अलीकडे चिता कॅम्प, जो १९७६ साली आणीबाणीत जनता कॉलनी उठवून वसवला गेला. या एवढ्याशा टापूत चार तऱ्हेच्या शाळा आहेत. अणुशक्तिनगरात अणुऊर्जा शिक्षण संस्थेच्या. ही संस्था १९६९ सालची, केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याची. मग महापालिकेच्या. मग खासगी अनुदानित, जिथे पगार सरकार देते आणि कारभार संस्था पाहते. आणि मग आमच्या आईच्या शाळेसारख्या, जिथे पगारही संस्थेचा आणि कारभारही. सकाळी सातच्या सुमारास चारही शाळांत कोणीतरी कुलूप उघडते, कोणीतरी झाडू मारते, कोणीतरी घंटा देते. काम तेच, धूळही तीच. कारखान्यांचा वासही चौघांना सारखाच येतो. पण एकाचा पगार वेतन आयोग ठरवतो, दुसऱ्याचा महापालिकेचा ठराव, तिसऱ्याचा शालेय शिक्षण विभाग आणि चौथीचा कंत्राटदार. अनुदानित शाळेतले शिपाईकाका आमच्या चाळीतच राहतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तेव्हा ते सात दिवस संपावर होते. त्यांची मागणी योग्यच होती. पण त्याच आठवड्यात आई रोज सकाळी त्यांच्या दारावरून कामाला जात होती, आणि पेन्शन म्हणजे नेमके काय हे तिने मला रात्री विचारले.

तरीही या शिपाईकाकांचा हेवा करू नये असे मी आईला सांगते, कारण त्यांची जागाही त्यांच्याबरोबरच संपणार आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने असे ठरले की, अनुदानित माध्यमिक शाळांतील शिपाई, पहारेकरी, सफाईगार, कामाठी, हमाल, प्रयोगशाळा परिचर या चतुर्थ श्रेणीच्या जागा आहेत ती माणसे निवृत्त होईपर्यंतच चालतील. जागा रिकामी झाली की ती पुन्हा भरायची नाही. त्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ मिळेल: मुंबईत दरमहा दहा हजार रुपये, ग्रामीण भागात पाच हजार. शब्द पाहा. आजवर भत्ता माणसाला मिळत असे, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. आता माणूसच भत्ता झाला! भत्त्याला बढती नसते, आजारपण नसते, बाळंतपण नसते. दहा हजारात मुंबईत सकाळी सात ते संध्याकाळी सहा राबणारा माणूस कसा जगतो, हे ज्याने ठरवले त्याने एकदा मानखुर्दच्या बाजारात पिशवी घेऊन जावे.

सरकारची बाजू मला समजत नाही असे नाही. पगारावर होणारा खर्च मोठा आहे, आणि एकेकाळी शिपायांच्या जागा वशिल्याने, पैसे घेऊन भरल्या जात, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण नेमणुकीत भ्रष्टाचार होतो म्हणून जागाच रद्द करायची, हा कसला न्याय? प्रवेशात गैरप्रकार होतात म्हणून आपण महाविद्यालय बंद करत नाही.

संस्थाचालकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे, आणि इथे मी थोडी घुटमळते. आमच्या भागातल्या शाळेची फी काही दक्षिण मुंबईतल्या शाळेसारखी नसते. अर्धे पालक नाका कामगार, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया. फी सहा-सहा महिने थकते. शिक्षणहक्क कायद्याखाली पंचवीस टक्के जागांवर घेतलेल्या मुलांचे पैसे सरकारकडून वेळेवर येत नाहीत, अशी शाळांची जुनी तक्रार आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर निघालेल्या शाळा तर अनुदानाची आशा न धरताच निघतात. ‘सगळ्यांना श्रेणीप्रमाणे पगार द्यायचा तर शाळाच बंद करावी लागेल, मग ही मुले कुठे जातील?’ असे मुख्याध्यापिकाबाईंनी आईला विचारले होते. त्या बाई वाईट नाहीत. सह्या घेतल्या त्या दिवशी त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते, असे आई सांगते; निर्णय ट्रस्टचा होता, आणि बाई स्वतः दरवर्षी नव्या करारावर आहेत. पण मला एक विचारायचे आहे. शाळा अडचणीत आली की सर्वांत आधी मावशींच्या पगाराचीच आठवण का होते? विजेचे बिल अर्धे भरून चालते का? कंत्राटदार कमिशन घेतो, ते देणे जमते. मग मधला माणूस काढून तेच पैसे थेट मावशींच्या हातात देणे का जमू नये? कंत्राटाने पैसे वाचतात हे मला पुरते पटत नाही. कंत्राटाने वाचते ती जबाबदारी.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. शाळेत काय काय असले पाहिजे त्याची ती यादी. किती मुलांमागे किती शिक्षक, प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, माध्यान्ह भोजनाचे स्वयंपाकघर, खेळाचे मैदान, कुंपण, ग्रंथालय. मी ही यादी दोनदा वाचली. स्वच्छतागृह आहे, ते स्वच्छ कोण करणार ते नाही. पाणी आहे, टाकी घासणारा नाही. कुंपण आहे, फाटकावर उभा राहणारा नाही. जणू शाळा रात्री आपोआप धुऊन निघते. संसदेतल्या विद्वानांनी यादी केली तेव्हा त्यांच्याही सभागृहाबाहेर कोणीतरी फरशी पुसत असेलच.

या विस्मरणाची किंमत मुले देतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. आरोपी सफाईचे काम करणारा कंत्राटी कर्मचारी होता, थोड्याच दिवसांपूर्वी कामाला लागलेला. त्यानंतर सगळीकडे कॅमेरे आले, पोलीस पडताळणी आली. आईलाही चौकीत जाऊन कागद भरावे लागले. तिला त्याचे वाईट वाटले, मला मात्र पडताळणी योग्यच वाटली. पण वर्षानुवर्षे त्याच शाळेत असलेली, प्रत्येक मुलाचा स्वभाव ओळखणारी, कोणते मूल संडासात जायला घाबरते हे न सांगता जाणणारी बाई, ही कॅमेऱ्यापेक्षा मोठी राखण नाही काय? एजन्सी दर सहा महिन्यांनी माणसे बदलते. आईबरोबर सही केलेल्या तिघींपैकी दोघी आता तिथे नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या मुलींना मुलांची नावे माहीत नाहीत, आणि मुलांना त्यांची.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत ‘चार्टर’ शाळा नावाचा प्रकार आहे; १९९१ साली मिनेसोटा राज्याने त्याचा पहिला कायदा केला. पैसा सरकारचा, कारभार खासगी मंडळाचा. तिथे मोठा प्रश्न हाच झाला की, अशा शाळेतला नोकर हा सरकारी की खासगी? सरकारी म्हणावे तर सरकारी नोकरांचे संरक्षण नाही, खासगी म्हणावे तर संघटनेचा हक्क कुठल्या कायद्याने? २०१६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातल्या दोन शाळांच्या बाबतीत त्या खासगी मालक आहेत असा निर्णय दिला. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये शिकागोत अशा शाळांच्या एका साखळीत संप झाला, त्या देशातला या प्रकारचा पहिला. मला त्यात महत्त्वाचे वाटले ते हे, की वर्गातले मदतनीस शिक्षकांच्या बरोबरीने त्या संपात उतरले होते. मुंबई महापालिकेनेही २०१३ मध्ये आपल्या शाळा खासगी संस्थांच्या भागीदारीत चालवण्याचे धोरण आणले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘दत्तक शाळा’ योजना काढली, तीत दात्याचे नाव शाळेला देण्याची सोय आहे. नाव द्यायचेच, तर निदान शाळेतल्या सगळ्या माणसांची नावे तरी आधी कुठे लिहून ठेवा.

शिक्षकांनी बरोबर यावे असे मी म्हणते, पण आपल्याकडे कायद्यानेच दोघांना वेगवेगळ्या दारांपाशी उभे केले होते. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात, सुंदरांबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार, सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. त्याचे कार्य उदात्त आहे. शिक्षकाला उदात्तपणा मिळाला आणि कामगार न्यायालयाचा रस्ता बंद झाला. शिपायाला तो रस्ता मोकळा राहिला, उदात्तपणा मिळाला नाही. ज्या १९४७ च्या कायद्यावर तो निकाल होता तो आता राहिलेला नाही. त्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये औद्योगिक संबंध संहिता अमलात आली, आणि तिच्यात धर्मादाय व सामाजिक सेवा करणाऱ्या संस्थांना ‘उद्योगा’च्या व्याख्येतून वगळले आहे. शाळेचा ट्रस्ट धर्मादाय की नाही यावर वकील वाद घालतील. तोवर १९७७ चा आपला जुना कायदाच मावशींचा आधार आहे, म्हणून तो विसरता कामा नये.

प्रकल्प पूर्ण झाला, गुण चांगले मिळाले. मी तो घरी आईला वाचून दाखवला. सातवे कलम ऐकताना तिने हातातली भाजी खाली ठेवली. “अगं, पोस्टाने पाठवायचा असतो? मी तर कुठे पाठवला नाही,” ती म्हणाली. मग मी तीस दिवसांच्या मुदतीचे सांगितले. उशीर माफ करण्याविषयी न्यायाधिकरणाला विनंती करता येते, आमचे सर एका वकिलांशी बोलतील, असेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. म्हणाली, “त्या बाईंनीच तुझी फी माफ करून दिली होती, तेव्हा. आणि आता नाव गेलं तर आहे तेही जाईल. तू लिही हवं तर, पण शाळेचं नाव घालू नकोस.” मी तिच्यावर रागावले. नंतर वाटले, माझे शिक्षण ज्या पगारावर झाले तो पगार धोक्यात घालायला मी तिला सांगते आहे, आणि धोका माझा नाही, तिचा आहे. आम्हा दोघींत अजून हे भांडण मिटलेले नाही. कागदाची प्रत मागण्याचा एक साधा अर्ज मी लिहून तिच्या पर्समध्ये ठेवला आहे. तो तिने अजून दिलेला नाही; पण परत काढूनही ठेवलेला नाही.

एक शेवटचे. ज्यांनी मला तो कायद्याचा ग्रंथ शिडीवर चढून सर्वांत वरच्या फळीवरून काढून दिला, ते आपल्या ग्रंथालयातले मामा. तीन वर्षे मी त्यांच्याकडून पुस्तके घेते. मागच्या आठवड्यात मी त्यांना त्यांचे पूर्ण नाव विचारले. त्यांना वाटले माझी काही तक्रार आहे; म्हणाले, “का ताई, काय चुकलं?” मी कारण सांगितले. या वार्षिकाच्या शेवटी अध्यापकवर्गाची यादी छापतात, तिथे अजून एक पान द्यावे अशी विनंती मी संपादकांना केली आहे, आणि ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, उपाहारगृह व फाटक इथल्या सर्वांची नावे आडनावांसह लिहून कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आहे. एकूण एकोणीस नावे झाली.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला